खालच्या गिरणीचा रविवार

आमचं घर कर्वेनगरात, तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर, आणि आमच्या बाहेरच्या खोलीच्या बरोबर खाली पिठाची गिरणी. आठवड्याचे सहा दिवस सकाळी आठपासून आमची फरशी हलकेच थरथरत असायची. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ते जाणवायचंही नाही. आम्हाला जाणवायचा तो रविवार. रविवारी फरशी गप्प असायची, आणि त्या गप्प फरशीवर पाय ठेवला की माझ्या पोटात दुखायला लागायचं. औषध घेऊन थांबतं ते दुखणं नव्हे. दुसऱ्याचं चांगलं बघून जे दुखतं, ते.

कारण खाली शटर बंद असायचं आणि वर माझे बाबा डबा घेऊन कामाला निघालेले असायचे.

बाबा लक्ष्मी रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात सेल्समन होते. दिवसभर तागे उलगडायचे आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा गुंडाळायचे. तिथला बाजार सोमवारी बंद. माझी शाळा रविवारी बंद. बाबांची सुट्टी आणि माझी सुट्टी अशा एकमेकींच्या शेजारी राहायच्या, भिंतीला भिंत लागून, पण मध्ये दार नव्हतं.

खालच्या गिरणीवाल्या काकांना मात्र वार निवडता येत होता. आसपासच्या गिरण्या आठवड्यात मध्येच कधीतरी बंद असायच्या. यांची बरोबर रविवारी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या सर्वांत गैरसोयीच्या दिवशी. गल्लीतल्या एक बाई डबा घेऊन तणतणत आल्या होत्या, ते मी जिन्यात बसून ऐकलं होतं.

"अहो, लोक रविवारी दळण आणतात. आणि तुम्ही नेमकं रविवारीच बंद ठेवता!"

"रविवारी माझ्या मुलीची शाळा बंद असते," काका म्हणाले. बस्स, एवढंच. त्यांना त्यात समजावून सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

ती मुलगी माझ्याच वर्गात होती. मी जिन्यातून उठून घरात आले आणि आईला विचारलं, "माझी शाळा कधी बंद असते ते बाबांच्या मालकांना माहीत आहे का?" आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "त्यांना बाबांचं आडनाव माहीत असलं तरी पुष्कळ."

आमच्या घरात पुस्तकं बेताची होती, पत्रकं मात्र ढिगाने. बाबा दुकान-नोकरांच्या संघटनेचं काम करायचे. पिवळ्या, गुलाबी, हलक्या कागदावर छापलेली पत्रकं कॉटखाली असायची, माळ्यावर असायची, पिठाच्या डब्याखालीही असायची. मी अक्षरओळख झाल्यावर जो पहिला मोठा शब्द सलग वाचला तो 'पिळवणूक'. उरलेल्या पत्रकांची पाठ ही माझी कच्ची वही. भागाकार करताना पलीकडून उलटी अक्षरं दिसायची: साप्ताहिक सुट्टी हा हक्क आहे, उपकार नव्हे! माझी गणितं चुकायची, पण ते वाक्य मला अजून झोपेतही बरोबर म्हणता येतं.

संघटनेचं भांडण होतं ते अर्ध्या शटरशी. बंदच्या दिवशी मालक शटर गुडघ्यापर्यंत उघडायचे आणि माणसांना वाकून आत घ्यायचे. माल लावायचा, झाडझूड करायची, नवे तागे फोडायचे. बाहेरून बंद, आत काम. बाबांचा सोमवार त्या अर्ध्या शटरांशी भांडण्यात जायचा. सकाळी मला शाळेपर्यंत सोडायचे, एका हातात माझा हात, दुसऱ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. फाटकापाशी माझा हात सोडायचे आणि गठ्ठा दोन्ही हातांत धरून बसथांब्याकडे वळायचे. मी शाळेतून येईपर्यंत ते कुठल्यातरी बैठकीला गेलेले असायचे.

भिंतींवर पत्रकं चिकटवायला लागणारी खळ आमच्याच घरात शिजायची, आणि तिच्यासाठी सांडलेलं पीठ खालचे काका देत. जगाच्या सुट्टीसाठी बाबा भांडत होते आणि त्या भांडणाला चिकटपणा पुरवत होता तो ज्याला सुट्टी होती असा माणूस. हे मला तेव्हाच अन्यायाचं वाटायचं. नक्की अन्याय कुणाचा आणि कुणावर, ते सांगता यायचं नाही. आईला सांगता यायचं. "सगळ्या पुण्याला सुट्टी मिळवून देणार," ती खळ ढवळत म्हणायची, "आणि इथे चार महिने झाले, मोरीचा नळ गळतोय." आईच्या सुट्टीचं पत्रक कधी निघालं नाही, हे मी आत्ता लिहिते आहे. तेव्हा मलाही सुचलं नव्हतं.

मला फक्त खालचा रविवार दिसत होता. सकाळी नऊला काका स्वच्छ शर्ट घालून बाहेर यायचे. आठवडाभर ज्या माणसाच्या भुवयाही पांढऱ्या असत, तो माणूस त्या दिवशी एकदम काळाभोर आणि तरुण दिसायचा. ते स्कूटर काढायचे, ती मागे बसायची, आणि दोघं जायची मांजरीला, काकांच्या भावाकडे. तिथे त्यांचा थोडा ऊस होता. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या मांडीवर उसाची कांडकी असायची, आणि त्यातली दोन न चुकता आमच्याकडे यायची. मी ती खायचे. ऊस गोड असायचा, याचाच मला राग यायचा. एकदा तरी तो पाणचट निघावा असं वाटायचं.

पाचवीत असताना बाईंनी निबंध दिला: माझा रविवार.

मी खूप वेळ पेन चावत बसले. माझ्या रविवारात लिहिण्यासारखं काय होतं? बाबा डबा घेऊन जातात. आई कपडे धुते. मी गॅलरीतून खाली बघते. हे लिहायची मला लाज वाटली, आणि मग मी एका दमात दीड पान लिहून काढलं. बाबा स्कूटर चालवतात, मी मागे बसते. हडपसर ओलांडलं की वाऱ्याला गुळाचा वास येतो. काकांच्या शेतात विहीर आहे, तिच्यात वाकून हाक मारली की हाक परत येते. बाबा दातांनी ऊस सोलून मला देतात आणि म्हणतात, खा बेटा, आज रविवार आहे.

माझे बाबा मला कधी बेटा म्हणाले नाहीत. तेही मी कुठूनतरी उचललं होतं.

बाईंना निबंध इतका आवडला की त्यांनी तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. ती माझ्यापुढे दोन बाक सोडून बसली होती. मला तिच्या दोन वेण्या आणि मधला भांग दिसत होता. तो भांग वाचन संपेपर्यंत अजिबात हलला नाही. शेवटी बाई म्हणाल्या, टाळ्या वाजवा, तेव्हा तिनेही वाजवल्या.

मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"छान होता निबंध. फक्त एक चुकलं."

"काय?" मी विचारलं.

"बाबा दातांनी नाही सोलत. त्यांच्या पुढच्या दाताला कॅप आहे. कोयत्याने सोलतात."

आणि ती डबा खायला गेली. तिने बोभाटा केला असता तर मी भांडले असते, काहीतरी बोलून सुटले असते. तिने बोभाटा केला नाही. फक्त चूक दुरुस्त केली. पुढे कित्येक वर्षं मला तिचा हेवा वाटला तो नुसत्या रविवाराचा नाही. रविवार चोरीला गेला तरी जिचं काही कमी झालं नाही, त्या तिच्या निवांतपणाचाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. कायदा बदलला. दुकानं सातही दिवस उघडी ठेवायला मोकळीक मिळाली, आत काम करणाऱ्याला पाळीने एक दिवस सुट्टी द्यायची. लक्ष्मी रोडवर सोमवारीही शटरं वर जायला लागली. बाबांचा सोमवार मोडला. कधी बुधवार मिळायचा, कधी शुक्रवार, आणि तोही आदल्या दिवशी कळायचा. ज्या दिवसासाठी आयुष्यभर पत्रकं वाटली तो दिवस असा सुट्टा होऊन घरंगळत गेला. गेल्या दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. आता त्यांना सातही वार सारखेच.

मी लिहिते. पत्रकंही लिहिते, जिथे लागतील तिथे. पोटासाठी एका कंपनीचा मजकूर लिहिते, घरूनच. मला सुट्टी कधी असते ते मला नीट सांगता येत नाही, कारण लॅपटॉपला शटर नसतं. म्हणजे आता बाबा घरी आहेत, मी घरी आहे, आणि रविवारी मी त्यांच्याकडे पाठ करून टाइप करत असते.

आणि खालची गिरणी आता ती चालवते. काकांच्या छातीत पीठ बसलं. डॉक्टरांनी सांगितलं, या हवेतून लांब जा. काका मांजरीला भावाकडे राहायला गेले. ती एका ऑफिसात हिशेबाचं काम करत होती. ते सोडून तिने गिरणी हातात घेतली. लोकांना वाटलं, चार महिन्यांत विकेल. तिने जात्याच्या झिजलेल्या दगडाला टाकी लावून घेतली, पट्टा बदलला आणि वडिलांचीच पाटी पुसून परत लावली: रविवारी बंद. मी खाली दळण घेऊन गेले की ती भुवया झटकत विचारते, "काय लेखिका, जाड की बारीक?" आणि रविवारी सकाळी नऊला स्वच्छ होऊन, एकटीच, स्कूटरवरून मांजरीला जाते. संध्याकाळी आमच्या दाराशी दोन कांडकी असतात.

मला वाटलं होतं, वय वाढलं की हे थांबेल. नाही थांबलं. मी गॅलरीत लॅपटॉप घेऊन बसलेली असते, ती हेल्मेट घालते, आणि माझ्या पोटात दुखतं.

समोरच्या मोकळ्या जागेवर दोन वर्षांपूर्वी सात मजली सोसायटी झाली. आयटीतली माणसं, सकाळी जातात, उशिरा येतात. त्यांनी गिरणीचं कौतुक केलं, मग दळण टाकलं, मग विचारायला लागले की रविवारी का बंद. मग एक दिवस त्यांच्यातले चौघं मिळून आले आणि गोड शब्दांत सांगून गेले की रविवारी चालू नसेल तर त्यांना पाकिटाचंच पीठ मागवावं लागेल, दहा मिनिटांत दारात येतं.

दोन दिवसांनी ती वर आली. दारातच उभी राहिली. पिठाचे पाय घरात नकोत म्हणून ती कधीच आत येत नाही.

"अगं ए लेखिका, एक पाटी लिहून दे. चांगल्या भाषेत."

"कसली?"

"येत्या रविवारपासून गिरणी सातही दिवस चालू."

मी तिच्याकडे बघत राहिले. "आणि काका?"

"जाईन जमेल तसं. मध्येच दुपारी वगैरे." ती जिन्याच्या कठड्यावर बोट फिरवत होती. बोटाची पांढरी रेघ उठत होती. "अर्धी गिऱ्हाइकं तिकडची आहेत आता. ती गेली तर गिरणीच बंद करावी लागेल, मग रोजच रविवार. लिही ना. संध्याकाळी नेते."

ती गेली. मी टेबलाशी बसले आणि पाच मिनिटांत लिहून काढलं. इतक्या सहज मी बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. हात आपोआप चालत होता. लिहून झाल्यावर मी ते टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. मी चक्क गुणगुणत होते.

पातेलं आणि गाळणी घेऊन बाहेर आले तेव्हा बाबांच्या हातात कागद होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. कागद अगदी डोळ्यांजवळ धरून वाचायचा असला की ते तसं करतात.

"हे तू लिहिलंस?"

"हो. गिरणीची पाटी आहे."

"ही पाटी नाही, हे पत्रक आहे." त्यांनी वाचायला सुरुवात केली, सभेत वाचतात तशी. "रहिवाशांच्या मागणीचा विजय! वर्षानुवर्षं सोसलेली गैरसोय अखेर संपली! येत्या रविवारपासून..." ते थांबले. "विजय कुणाचा?"

"रहिवाशांचा."

"मग हरलं कोण?"

मी कपात चहा गाळत राहिले.

"आणि गैरसोय कुणी सोसली? वर्षानुवर्षं?"

"बाबा, ती नुसती भाषा आहे. सवय आहे हाताला."

"ती सवय मीच लावली. मला सांगू नकोस." त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. "रागावून लिहिलेलं मी पुष्कळ वाचलंय. हे रागावून लिहिलेलं नाही. हे जळून लिहिलंय."

आतून आईचा आवाज आला. "आज कळलं का? पाचवीपासून जळतेय ती."

मला संताप आला. मी म्हणाले, यात जळण्याचा काय संबंध. ती कामगार नाही, मालकीण आहे. मालकांनी आपल्या सोयीने बंद ठेवावं आणि नोकरांनी मिळेल तो वार चघळावा, याच्याविरुद्ध तुम्हीच आयुष्यभर लिहिलंत.

"गिरणीत नोकर किती?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग मालकीण कुणाची? पट्ट्याची?" ते हसले नाहीत. "आमचा मालक मनात येईल तेव्हा महाबळेश्वरला जायचा. आम्हाला काय कमी राग होता? पण त्याची सुट्टी काढून घ्या, असं एका ओळीत कधी लिहिलं नाही. आम्हालाही द्या, असं लिहिलं. दोन्हींत फरक आहे. तो तुला कळत नसेल तर तू दुसरं काही लिही, पत्रकं लिहू नकोस."

हे मला लागलं. आणि लागल्यामुळे जे वीस वर्षं बोलले नव्हते ते तोंडातून गेलं.

"मला तुमचा एकही रविवार मिळाला नाही."

आईने नळ बंद केला. बाबांनी कागद पुन्हा तळहाताने सपाट केला. मग म्हणाले, "माहीत आहे."

चहा निवत होता.

"रविवारी दुकानात बापलेकी यायच्या," ते म्हणाले. "परकर-पोलक्याचं कापड घ्यायला. ती पोरगी गादीवर लोळायची, हा नको, तो दाखवा करायची. बाप आपला कौतुकाने बसलेला. मी तागे उघडत असायचो. मलाही जळायला व्हायचं की." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "पण कापड कधी कमी नाही मोजलं."

मी तो कागद उचलला आणि खाली गेले.

गिरणी चालू होती. तिने मला बघून खटका बंद केला. पट्टा फटफटत थांबला, आणि आवाज गेल्यावर आम्ही दोघी एकदम फार जवळ उभ्या असल्यासारखं वाटलं. मी कागद तिच्या हातात दिला.

"वाच. पण लावू नकोस. हे मी आनंदाने लिहिलंय."

तिने वाचलं. विजयापाशी आल्यावर तिला हसू फुटलं. "अगं, गिरणी आहे, निवडणूक नाही."

"मला तुझ्या रविवाराचा हेवा वाटतो. लहानपणापासून."

"ते माहितीये."

"कधीपासून?"

"कोयत्याने सोलतात," ती म्हणाली.

आम्ही दोघीही हसलो. मग मला विचारल्याशिवाय राहवेना. "आणि तुला? माझा कधी हेवा वाटला? कशाचातरी?"

तिने खरोखर विचार केला. पिठाच्या डब्यावर बोटांनी टकटक करत, प्रामाणिकपणे. "तुझा? नाही गं," ती म्हणाली. "सॉरी."

या शहरात माणसं खोटं बोलून तुमचं मन राखत नाहीत. मी ते गिळलं.

"सध्या बंदच ठेव," मी म्हणाले. "मी दुसरं लिहिते."

"तुझ्या पत्रकाने डबे येतात का?"

"येत्या रविवारी वाटते. पुढच्या शनिवारपर्यंत बघ. नाही आले, तर तुझी पाटी मी स्वतः रंगवून देते. विजय न लिहिता."

 मग तिने खटका पुन्हा चालू केला. गिरणीत हाच होकार असतो.

दुसरं पत्रक लिहायला मला दोन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात पिळवणूक आली होती, बाबांनी ती काढली. माझी तीन उद्गारचिन्हं काढली. शेवटी जे उरलं ते असं: समोरच्या गिरणीत एकच व्यक्ती काम करते. तुमच्यासारखीच तिलाही रविवारी सुट्टी असते. शुक्रवारी डबा ठेवा, शनिवारी घेऊन जा. डब्यावर नावाची चिठ्ठी लावा, आणि जाड की बारीक तेही लिहा. खाली 'विजय असो' लिहायला माझा हात शिवशिवत होता. तो मी आवरला.

रविवारी सकाळी मी आणि बाबा समोरच्या फाटकापाशी उभे राहिलो. फरशी गप्प होती; खालचं शटर लावून ती कधीच मांजरीला गेली होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गठ्ठा दोन्ही हातांत धरला होता. माझ्या आयुष्यातला बाबांबरोबरचा हा पहिला अख्खा रविवार, आणि तोही तिच्याच कामी आला. हे माझ्या मनात आलं, आलं नाही असं मी म्हणणार नाही.

अर्ध्या चड्डीतले एक गृहस्थ कुत्र्याला फिरवून येत होते. त्यांनी पत्रक वाचलं.

"काका, पण आम्हाला संडेलाच वेळ मिळतो हो."

"का?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे काय, सुट्टी असते ना."

"हं," बाबा म्हणाले.

मग ते गठ्ठ्यातलं पुढचं पत्रक वेगळं करायला लागले. ते गृहस्थ जरा वेळ थांबले, कुत्र्याने दोरी ओढली, मग त्यांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. त्यांच्या जागी मी असते तर दहा मिनिटांचं भाषण केलं असतं.

एकाने आम्ही सगळं ऑनलाइनच मागवतो म्हणून कागद परत दिला. एका आजोबांनी व्याकरण तपासलं आणि बरोबर आहे म्हणाले. केस ओले असलेली, माझ्याच वयाची एक बाई कानातला इअरफोन काढत म्हणाली, "तिला निदान शटर आहे. मला तर आत्ताही कॉल आहे."

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. "मग तुमचंही काढू या पत्रक."

तिला ती थट्टा वाटली. बाबा थट्टा करत नव्हते. आणि मला त्या बाईचाही हेवा वाटला, कारण त्यांनी हे मला कधी म्हटलं नव्हतं. मी रोज त्यांच्याकडे पाठ करून टाइप करते, हे त्यांना दिसत नसेल का? मग लक्षात आलं की मी त्यांना कधी सांगितलंच नाही. आमच्या घरात जो मागत नाही त्याचं पत्रक निघत नाही. आईला विचारा.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी चार वेळा खाली जाऊन आले. डबे आले. सगळे नाही. स्टीलचे, पिवळ्या झाकणाचे, एक तर चक्क बिस्किटांचा पत्र्याचा, भिंतीला लागून रांगेत उभे होते. चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं, 'बारीक. हॅपी संडे.' ते कुत्रेवाले गृहस्थ स्वतः आले होते म्हणे, आणि डबा ठेवताना इकडेतिकडे बघत होते, कुणी पाहत तर नाही ना.

"पुरतील?" मी विचारलं.

"पुरतील असं नाही. पण गिरणी बंद करण्याइतके कमीही नाहीत." तिने चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. "दोन महिने बघते असंच." मग पाटीकडे बघून म्हणाली, "राहू दे ती तिथेच."

परवाच्या रविवारी मी गॅलरीत उभी होते. लॅपटॉप आत होता, मिटलेला. बाबांना मी सांगितलं आहे की रविवारी मी काम करणार नाही. कंपनीला अजून सांगितलेलं नाही. ते पत्रक लिहून व्हायचं आहे. आत बाबा पोह्यांसाठी कांदा चिरत होते, आई पेपर वाचत बसली होती आणि कांदा जाड होतोय असं बसल्या जागेवरून सांगत होती.

खाली ती स्कूटर बाहेर काढत होती. भुवया काळ्या, शर्ट स्वच्छ. तिने वर बघितलं.

"येतेस? मागे जागा आहे."

माझ्या निबंधातली ती जागा. हडपसर ओलांडलं की लागणारा तो वारा, ती विहीर. मी वीस वर्षं त्या सीटकडे याच गॅलरीतून बघत आले होते, आणि आता फक्त जिना उतरायचा होता.

"नको," मी म्हणाले. "आज बाबा घरी आहेत."

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती. तो पट्टा ती एरवी एका हाताने लावते, न बघता. त्या दिवशी तिला तो दोन वेळा लावावा लागला. काकांना मांजरीला जाऊन दीड वर्ष झालं, आणि गिरणीमागच्या त्यांच्या घरात आता संध्याकाळी दिवा लावायला ती एकटीच असते. हे मला आधीपासून माहीत होतं. मी फक्त कधी त्या बाजूने मोजलं नव्हतं.

मला ते दिसलं, आणि क्षणभर बरं वाटलं. बाबांनी वाचलं तर म्हणतील, हे वाक्य काढ. मी काढणार नाही. पण दुसऱ्या क्षणी मी कठड्यावरून वाकले आणि म्हणाले, "संध्याकाळी जेवायला वरच ये. आणि आत ये, दारात उभी राहू नकोस. आज तुझे पाय पिठाचे नाहीत."

"ऊस आणू?"

"आण," मी म्हणाले. "कोयत्याने सोललेला."